आप्पांचा अवघडलेला खांदा

मनुष्याने समुद्रावर विजय मिळवला आहे, असे डायव्हिंग सेंटरच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापले होते. दुसऱ्या पानावर, सर्दी झालेल्यांनी पाण्यात उतरू नये, असे होते.

माहितीपत्रक धाकट्याने लिहिले होते. धाकटा म्हणजे सेंटरच्या मालकांचा मुलगा. त्याचे वय अडतीस आणि सेंटरचेही अडतीस. दोघे एकाच वर्षी जन्माला आले आणि त्यातले एक मालकांच्या अपेक्षेप्रमाणे वाढले. धाकटा ऑफिस सांभाळत असे. पाण्याशी त्याचा संबंध कुंड्यांना पाणी घालण्यापुरता होता. पण सेंटरच्या दारावरचा निळा बोर्ड हे त्याचे खास लाडके काम होते. बोर्डावर लिहिले होते : ‘३८ वर्षे. शून्य अपघात.’ त्यातला शून्य हा शब्द बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट मोठा होता आणि दर वर्षी हंगाम सुरू होण्याआधी त्याला रंगाचा नवा हात मारला जाई.

हा दावा खोटा होता असे मात्र म्हणता येणार नाही. त्यामागे एक पद्धत होती.

बोटीवर एक नोंदवही असे. तिच्यात तारीख, खोली, वेळ आणि शेवटी ‘घटना’ असा रकाना. अडतीस वर्षांत या रकान्यात ऊन लागले होते, पित्त झाले होते, थंडी बाधली होती, बोट लागली होती, आदल्या रात्रीची झोप अपुरी झाली होती आणि एकशे बारा वेळा खांदा अवघडला होता. एखाद्या हाडांच्या डॉक्टराने ती वही पाहिली असती तर या समुद्रात खांद्यांची काही साथ आहे की काय, म्हणून अभ्यासाला मुक्काम ठोकला असता. अपघात मात्र एकही नव्हता, कारण तो शब्द कुणी लिहिलाच नव्हता.

ही पद्धत आप्पांची. आप्पा म्हणजे मालक, वय सदुसष्ट, छाती अजून पिंपासारखी. या किनाऱ्यावर पहिल्यांदा सिलिंडर पाठीला बांधून ते उतरले तेव्हा शिकवायला कुणी नव्हते आणि वाचवायलाही नव्हते. आपण त्यामुळेच टिकलो, असे त्यांचे ठाम मत होते.

त्यांच्या विरोधात घरात एकच माणूस उभे होते. थोरली मुलगी. तिला घरात, बोटीवर आणि धक्क्यावर सगळे मोठीच म्हणत. वय एकेचाळीस. सेंटरची मुख्य प्रशिक्षक. सात वर्षांपूर्वी ती पाण्याखालच्या अपघातांत प्रथमोपचार कसे करावेत याचा दहा दिवसांचा कोर्स करून आली, आणि तेव्हापासून घरात तिच्यासमोर कुणी शिंकतही नसे.

“खोल पाण्यात हवा रक्तात मुरते,” ती नव्या गिऱ्हाइकांना सांगायची. “सावकाश वर आलात तर ती सावकाश निघून जाते. घाईने आलात तर बुडबुडे होतात आणि सांध्यात, मणक्यात, नशिबात असेल तिथे अडकतात. वेळेवर शुद्ध ऑक्सिजन दिला आणि वेळेवर दवाखान्यात नेलं तर माणूस सुधारतो. नाही नेलं तर हात जातो, पाय जातो, कधी माणूस जातो. आणि याचं पहिलं लक्षण काय? पेशंट म्हणतो, मला काही झालेलं नाही.”

“मग ज्याला खरंच काही झालेलं नाही, त्याने काय म्हणायचं?” आप्पा मागून विचारायचे.

“त्याने मास्क लावून गप्प पडायचं.”

ऑक्सिजनचा डबा बोटीवर आणायला तिला दोन वर्षे लागली. धाकट्याचे म्हणणे असे, की गिऱ्हाइकांसमोर ऑक्सिजन ठेवला की गिऱ्हाईक घाबरते.

“विमानातही आधी मास्क दाखवतात,” मोठी म्हणाली. “लोक उतरून जातात का?”

“विमानात दार लावून मग दाखवतात, ताई.”

शेवटी तडजोड झाली. नारिंगी रंगाचा तो मोठा डबा बोटीवर आला, पण धाकट्याने त्याला फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवून घेतली आणि वर उशी ठेवली. लोक त्याच्यावर बसत. ऑक्सिजनच्या दुसऱ्या सिलिंडरसाठी मोठीला आणखी एक वर्ष भांडावे लागले. तिने हिशोब मांडला होता : लांबच्या खडकापासून धक्क्यापर्यंत बोटीला पन्नास मिनिटे लागतात आणि एक सिलिंडर चाळीस मिनिटे पुरतो.

“मग उरलेली दहा मिनिटं पेशंटने काय करायचं?” तिने विचारले.

“ते पेशंटच्या स्वभावावर आहे,” आप्पा म्हणाले.

दुसरा सिलिंडर तिने कुणाला न विचारता आणला.

दर सोमवारी सकाळी ती बोटीवर सराव घ्यायची. एकाने पेशंट व्हायचे, एकाने मास्क लावायचा, एकाने वेळ लिहायची, एकाने फोन करायचा. धाकटा पेशंट फार उत्तम होत असे, कधीकधी घोरतही असे. बोट चालवणारे, एका पायाने अधू मामा, म्हणजे मोठीच्या आईचे भाऊ, यांचे काम बोट वळवायचे. ते डिझेल वाचवण्यासाठी नुसते हात वळवून दाखवत. आप्पा सरावाला हजर असत, पण पेशंट होत नसत. “खऱ्यात झालो नाही तो नाटकात कशाला होऊ?” असे म्हणून ते कठड्यावर बसून पाय हलवत.

सरावाचा शेवट फोनने व्हायचा. रस्त्याने दोन तासांवर एका मोठ्या इस्पितळात चेंबर होते : लोखंडी पिंपासारखी खोली, जिच्यात पेशंटला ठेवून हवेचा दाब वाढवतात आणि बुडबुडे विरघळवतात. नंबर अजून चालू आहे ना हे पाहायला मोठी दर सोमवारी तिथे फोन करी. चेंबर चालवणारा तिला आवाजावरून ओळखू लागला होता. त्याने तिला कधी पाहिले नव्हते, पण तिची सुटी कधी, भावाशी अबोला कधी, हे त्याला साधारण ठाऊक असे.

“ताई, आज खरं की सोमवार?” तो विचारायचा.

“सोमवार.”

“बरं. आम्ही आहोत.”

तर त्या गुरुवारी बोट लांबच्या खडकावर गेली होती. गिऱ्हाइके दोनच. दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको. लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून एकमेकांना नवे काहीतरी दाखवावे असे त्यांच्या मनात आले होते. डॉक्टर जाता जाता सगळ्यांच्या दातांकडे बघत होते. त्यांची बायको फुलाफुलांच्या खोळीवर बसली होती.

लंगर नीट बसला आहे का ते पाहायला आप्पा आधी एकटे तीस मीटर खाली जाऊन आले. मग ते आणि मोठी गिऱ्हाइकांना घेऊन अठरा मीटरवर गेले, मासे दाखवले, वर आणले. तेवढ्यात मामांनी लंगर ओढायला विंच सुरू केली आणि लंगर खडकात अडकला. मोठी डॉक्टरांच्या बायकोचा ओला सूट उतरवायला मदत करत होती. तिने मान वळवली तेव्हा आप्पांच्या जागी फक्त पाण्यावर गोल उमटलेला दिसला.

आप्पांच्या मनगटावर डायव्हिंगचा कॉम्प्युटर होता. किती खोल, किती वेळ, आता थांबा, हळू चला, असे तो सांगतो. आप्पांना तो कटकट करणाऱ्या सासऱ्यासारखा वाटे, म्हणून ते त्याला सुटाच्या बाहीखाली सारून ठेवत. त्यांनी लंगर सोडवला आणि लिफ्टने यावे तसे वर आले.

“झालं,” ते म्हणाले. “तुमच्या कोर्समध्ये लंगर सोडवायला शिकवतात का गं?”

“वर कसं यायचं ते शिकवतात,” मोठी म्हणाली. “आप्पा, मधे थांबलात का?”

“कुणासाठी?”

आप्पांनी सूट कंबरेपर्यंत उतरवला आणि मामांनी थर्मासमधून सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या उतरणीला अजून तासभर होता. हवेचे सहा भरलेले सिलिंडर मागच्या बाजूला रांगेत उभे होते. डॉक्टर बायकोला एका माशाबद्दल सांगत होते, जो तिनेही पाहिला होता. पंधराएक मिनिटांनी मोठीच्या लक्षात आले, की आप्पांनी कप डाव्या हातात धरला आहे.

“उजव्या हातात धरा.”

“का? डाव्या हाताने चहा कडू लागतो?”

“धरा तर खरं.”

आप्पांनी कप उजव्या हातात घेतला. तो तिथे क्षणभर राहिला आणि मग पडला. चहा मामांच्या पायावर सांडला. या बोटीवर त्यांच्या पायांवर आजवर बरेच काही सांडले होते.

“बोट हलली,” आप्पा म्हणाले.

समुद्र इस्त्री केल्यासारखा होता.

“खांदा कसा आहे?”

“अवघडलाय जरा. लंगर काय कापसाचा असतो?”

“लंगर विंचने ओढला, आप्पा.”

“मग विंच बघून अवघडला.”

मोठी त्यांच्यासमोर पाटावर बसली. तिने त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. “डोळे मिटा. मी कुठल्या बोटाला हात लावतेय ते सांगा.”

“हा काय पोरखेळ आहे?” म्हणत आप्पांनी डोळे मिटले. “मधलं.”

“आता?”

“करंगळी.”

“आता?”

“अंगठा. झालं समाधान? सगळी बोटं जागेवर आहेत.”

मोठीने अजून कुठल्याच बोटाला हात लावला नव्हता. डॉक्टरांच्या बायकोने ते पाहिले आणि नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरले. मोठीने हात लावलेला नाही हे आप्पांनाही डोळे उघडल्यावर दिसले. ते तिच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. तिने ते दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले होते.

“जरा उठता का?” मोठी डॉक्टरांच्या बायकोला म्हणाली.

खोळ निघाली, उशी गेली, नारिंगी डबा उघडला. मोठीने मास्क जोडला, नळी जोडली, काटा पाहिला. तिचे हात सवयीने चालले होते. या हातांनी दोनशेहून जास्त सोमवार हेच केले होते.

“आडवे व्हा.”

“मला काही झालेलं नाही,” आप्पा म्हणाले, आणि आपण हे वाक्य म्हणालो हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचाच राग आला. “म्हणजे झालंय, पण एवढं नाही. त्या डब्याची गरज नाही. मी दहा मिनिटं परत खाली जाऊन येतो. दाबाखाली गेलं की बुडबुडा बारीक होतो. तूच शिकवतेस ना ते? आम्ही तुझ्या कोर्सच्या आधीपासून हे करतोय. अशाने किती जण बरे केलेत मी.”

“एका हाताने खाली जाणार? आणि खाली दुसराही गेला तर?”

“तर पाय आहेत.”

ते उठले. एका हाताने सिलिंडर बांधायचे जाकीट ओढले. जाकीट खांद्यावर चढेना तेव्हा त्यांनी ते दातांत धरले. दातांचे डॉक्टर कळवळले.

“मामा, बोट वळवा,” मोठी म्हणाली.

“बोट वळणार नाही,” जाकिटाचा पट्टा तोंडातून काढून आप्पा म्हणाले. “मालक मी आहे. आधी मी खाली जाऊन येतो, मग गिऱ्हाइकांची दुसरी फेरी होईल, मग बोट वळेल. धक्क्यावर मास्क लावून उतरलो तर उद्या गावभर होईल. अडतीस वर्षं, मोठे. तो बोर्ड काय मी हौसेनं लावलाय?”

“धाकट्याने हौसेनं लावलाय.”

“मामा, जागेवर राहा.”

मामांनी सुकाणूवर हात ठेवला आणि कुणाकडेच पाहिले नाही. बहिणीचा नवरा आणि बहिणीची मुलगी यांच्यात न पडणे हे त्यांचे आयुष्यभराचे कौशल्य होते.

मोठी मागच्या बाजूला गेली. सहा सिलिंडर उभे होते. तिने पहिल्याची चावी डावीकडे फिरवली, ती अडेपर्यंत फिरवली. हवा बाहेर पडताना जो आवाज होतो तो ज्याने ऐकला नसेल त्याला सांगून उपयोग नाही. दुसऱ्याची फिरवली. मग तिसऱ्याची. डॉक्टरांनी कान झाकले. चौथ्याच्या वेळी आप्पा तिच्यापर्यंत पोचले आणि डाव्या हाताने चावी बंद करू लागले. तिने पाचवी आणि सहावी उघडली. एक हात असलेल्या माणसाला सहा चाव्या बंद करता येत नाहीत, हे दोघांनाही एकदमच कळले. तोंड उघडलेल्या सिलिंडरांवर दव धरू लागले.

या गदारोळात तिच्या खिशातला फोन वाजला. ऑफिसमधून धाकटा होता. दुसऱ्या फेरीचे फोटो वेळेवर पाठव, हे सांगायला त्याने फोन केला होता.

“ताई, कसला आवाज आहे हा? बोट फुटली का?”

“सिलिंडर रिकामे करतेय.”

“कुठले?”

“सगळे. आप्पांचा उजवा हात बधिर झालाय. त्यांना परत खाली जायचंय. आता जायचं असेल तर श्वास रोखून जावं लागेल. रुग्णवाहिका धक्क्यावर आण, आतमध्ये ऑक्सिजन आहे का ते स्वतः उघडून बघ, नुसतं विचारू नकोस.”

“रुग्णवाहिका? धक्क्यावर? आज तिथे शाळेची सहल आलीय, ताई. खांदा अवघडला असेल.”

“तू डॉक्टर आहेस का?”

“नाही.”

“इथे एक आहेत. विचारते.” तिने फोन खाली घेतला. “डॉक्टर, खांदा अवघडल्यावर बोटं ओळखता येत नाहीत असं होतं का?”

“मी दातांचा आहे,” डॉक्टर घाईने म्हणाले.

“घड्याळ वाचता येतं ना?”

“येतं.”

“मग दर पाच मिनिटांनी वेळ लिहा. तेवढंच करायचं. हा कागद.”

“घरी कधी घड्याळाकडे बघत नाहीत,” त्यांची बायको म्हणाली, पण पेन तिनेच शोधून दिले.

सिलिंडर एकेक करून थकले. आवाज बंद झाला तेव्हा बोटीवर इतकी शांतता झाली की थर्मासमधून गळणारा थेंब ऐकू आला. आप्पा रिकाम्या सिलिंडरांमध्ये उभे होते. जाकीट अर्धे अंगावर, अर्धे लोंबत. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि त्यांच्या पोटावर निळसर जांभळे डाग उमटू लागले होते, जे त्यांना दिसत नव्हते आणि मोठीला दिसत होते.

“उद्यापासून तू या बोटीवर नाहीस,” ते म्हणाले.

“बरं. आजचा दिवस आहे ना? आडवे व्हा.”

“नाही झालो तर?”

मोठी उत्तर देणार, तेवढ्यात मामा बोलले. ते सुकाणूकडे तोंड करूनच बोलले.

“दाजी, माझा पाय कशाने गेला?”

आप्पांनी मान वळवली. “आता ते काय मधेच?”

“वहीत काय लिहिलंय?”

“हवामान. तुला थंडीचा त्रास होता.”

“एकोणीस वर्षं झाली. जिना चढताना मी कठडा धरतो. कुणी विचारलं तर सांगतो, थंडीचा त्रास. या पोरीलाही तेच सांगितलं. तुम्हाला खरं आठवतं, मला खरं आठवतं.” मामा थोडे थांबले. इतके सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. “मला मुंग्या आल्या होत्या. नुसत्या मुंग्या. तुम्ही म्हणालात, चल, खाली जाऊन येऊ, बरं वाटेल. तुम्हीच हात धरून नेलंत. प्रेमानं नेलंत, मी नाही म्हणत नाही. गेलो तेव्हा मुंग्या होत्या. आलो तेव्हा पाय नव्हता.”

“तू कधी बोलला नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत. आणि बहिणीला काय सांगू? तुझ्या नवऱ्याने?” त्यांनी इंजिन सुरू केले. “मी बोट वळवतोय. काढायचं असेल तर मलाही काढा. दोघांना एकदमच निरोप द्या, तुमचा वेळ वाचेल.”

बोट वळली. या खेपेला मामांनी नुसते हात वळवून दाखवले नाहीत.

आप्पा काही वेळ उभेच राहिले. वळणाऱ्या बोटीवर एका हाताने उभे राहणे अवघड असते, आणि आधाराला मेहुण्याचाच खांदा जवळ होता. त्यांनी तो धरला नाही. ते हळूहळू खाली बसले आणि मग पाठीवर आडवे झाले. मोठीने मास्क पुढे केला.

“मला लावता येतो,” ते म्हणाले, आणि डाव्या हाताने त्यांनी तो स्वतः लावला. उलटा लावला. तिने तो सुलटा केला.

“अकरा वाजून दोन मिनिटं,” डॉक्टरांनी मोठ्याने वाचून लिहिले.

मोठीने चेंबरला फोन लावला.

“ताई,” पलीकडून आवाज आला, “आज गुरुवार आहे.”

“हो.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “सांगा.”

तिने सांगितले. वय, खोली, किती वेळा, किती वेळात, उजवा हात, पोटावर डाग, ऑक्सिजन सुरू केल्याची वेळ. मधे कुठेही अडखळली नाही. शेवटी त्याने विचारले, “पेशंट तुमच्या ओळखीचा आहे का?” “वडील आहेत,” ती म्हणाली. मग पाठ फिरवून तिने समुद्राकडे तोंड केले आणि चेंबरवाला धीर देत काय बोलला ते बोटीवर कुणालाच कळले नाही. तिने वळून पुन्हा काटा पाहिला तेव्हा तिचा चेहरा सोमवारसारखा होता.

पहिला सिलिंडर अडतीस मिनिटांत संपला. दुसरा जोडताना आप्पांनी मास्कमधून काहीतरी म्हटले. तिने कान जवळ नेला.

“चाळीस म्हणाली होतीस.”

“तुम्ही जास्त श्वास घेता.”

धक्क्यावर सहलीची शंभर मुले, चार शिक्षिका आणि धाकटा असे सगळे उभे होते. रुग्णवाहिका त्याने आणली होती. आत ऑक्सिजन आहे हे स्वतः उघडून पाहिले होते आणि तिला मागच्या गल्लीत, कुणाला दिसणार नाही अशी लावली होती. स्ट्रेचर मुलांमधून नेताना एका मुलाने विचारले, हे बुडाले का? आप्पांनी मास्क बाजूला करून “नाही” असे इतक्या जोरात सांगितले की तो मुलगा शिक्षिकेच्या मागे गेला.

“मास्क,” मोठी म्हणाली. मास्क परत गेला.

रुग्णवाहिकेचे दार लागण्याआधी धाकट्याने नोंदवही पुढे केली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो वडिलांवर जीव टाकणारा मुलगा होता, यात शंका नाही. पण घाबरलेला माणूस ओळखीच्या कामाला घट्ट धरतो, आणि धाकट्याचे ओळखीचे काम शब्द निवडणे हे होते.

“ताई, ‘अस्वस्थता’ चालेल?”

“नाही.”

“‘तात्पुरती अस्वस्थता’?”

तिने त्याच्या हातातले पेन घेतले आणि ‘घटना’ या रकान्यात ‘अपघात’ असे लिहिले. रकाना लहान होता, कारण एवढी जागा कधी लागलीच नव्हती. शब्द शेजारच्या रकान्यात गेला.

“पेन्सिलने तरी लिहायचं,” धाकटा म्हणाला.

“मागची एकोणीस वर्षांपूर्वीची नोंदही मी आज दुरुस्त करणार आहे. मामा सही करतील. बाकीच्या एकशे बारा खांद्यांचं मग बघू. आणि बोर्ड तू उतरवतोस की मी उतरवू?”

धाकट्याने एकदा आप्पांकडे पाहिले. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा मोठीने आपल्या मुठीत धरला होता आणि आपण तो धरलेला त्यांना जाणवतो आहे की नाही, हे ती त्यांना विचारत नव्हती.

“मी उतरवतो,” धाकटा म्हणाला. “तुला शिडी नीट लावता येत नाही.”

चेंबरवाला प्रत्यक्षात फारच बुटका निघाला. मोठीला पाहून तोही म्हणाला की आवाजावरून तुम्ही उंच वाटता. त्याने आप्पांना लोखंडी खोलीत झोपवले, जाड दार लावले आणि दाब वाढवला. भिंतीवरचा काटा अठरा मीटरवर गेला. गोल काचेतून आप्पा दिसत होते. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आतल्या फोनचा रिसीव्हर उचलला.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “शेवटी खालीच नेलंत ना मला? मी बोटीवर दुसरं काय म्हणत होतो?”

इस्पितळाच्या डॉक्टर चाळिशीच्या होत्या आणि असे पेशंट त्यांनी बरेच पाहिले होते. “आजोबा, पाण्यात बेशुद्ध पडला असता तर बुडाला असता,” त्या म्हणाल्या. “इथे पडलात तर आम्ही चादर बदलू. एवढाच फरक आहे.”

“आजोबा कोणाला म्हणता?”

“उजव्या हाताची मूठ मिटून दाखवा, मग काका म्हणेन.”

पहिल्या तासात मूठ मिटली नाही. दुसऱ्या तासात करंगळी हलली. मोठी काचेला कपाळ टेकून उभी होती. आप्पांनी ते पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले. चौथ्या तासात त्यांनी आतून काचेवर टकटक केली, ती उजव्या हाताने. ती टकटक कौतुकासाठी नव्हती. चहा कधी मिळेल, एवढे त्यांना विचारायचे होते.

“मला उद्यापासून काढलंय ना?” मोठीने रिसीव्हरमध्ये विचारले.

“उद्या आलीस की बघू.”

इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी सहा आठवडे पाण्यात उतरायला सक्त मनाई केली. आप्पांनी कागद दोनदा वाचला आणि मानेनेच हो म्हटले. त्यांनी हो म्हटले यावर घरात कुणाचा विश्वास बसेना. मामांनी तर मोठीला बाजूला घेऊन आप्पांचे पायांत घालायचे फिन्स कुलपात ठेवायला सांगितले. पण आप्पांनी ती मनाई एक दिवसही मोडली नाही. जोराचे वारे सुरू होतात म्हणून त्यानंतरचे दोन महिने सेंटर दर वर्षी बंदच असते.